जीजीने हात वर केले

जीजीने ह्यांच्या पोटावर हात ठेवला अन् तापल्या तव्यावर पडल्यासारखा झटकन उचलला. मग दोन्ही हात वर धरून तशीच बसून राहिली. तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. म्हणाली, "नाही गं. हाताखाली नाही."

मी दारात उभी, छोटी कडेवर, रडून राहिलेली. हे चटईवर. ओठ राखेसारखे. नाकपुड्या फुलत होत्या, श्वास बारीक बारीक, वरच्यावर, उन्हाळ्यात कुत्रं घेतं तसा. हात धरला तर बर्फ, अन् पोट तापलेलं, फुगलेलं, ढोलाचं कातडं ताणतात तसं. अन् तोंडाने बडबड चालू, "भोंगा झाला ना? डबा दे. डबा कुठंय माझा?" छोटी पोटात होती तेव्हाच मिल बंद झालेली. कुठला भोंगा अन् कुठला डबा!

आमच्या गल्लीने त्या बाईच्या तोंडून आजपर्यंत एकच गोष्ट ऐकलेली, "घाबरू नको, हाताखाली आहे." अन् आता तीच हात वर करून बसलेली. मला वाटलं, झालं. मिलवाल्यांनी हात वर केले, युनियनवाल्यांनी केले, मेडिकलवाला म्हणाला गॅस असेल, त्याने पण केले. आता ही पण.

तुमच्या ओळखीची नाही ती, पण अशी एक तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या परदेशीपुऱ्यात, मिलवाल्यांच्या वस्तीत, होती. नाव मला आजही ठाऊक नाही, लहान-मोठे सगळे जीजीच म्हणत. कपाळ मोठं अन् कुंकू त्याहून मोठं. नवरा कधीचाच गेलेला, तरी लावायची. कोणी टोकलं तर म्हणायची, "कपाळ माझं आहे की त्याचं?"

ती मिलच्या रीलिंग खात्यात होती, सुताच्या लड्या भरायच्या तिथे. मिल बंद व्हायच्या कितीतरी आधी बायकांना काढलं. म्हणे मशीन आल्या. निघायच्या दिवशी जीजीने सुताची एक लडी पदराखाली आणली. "चोरी नाही, आठवण आहे," सांगायची. अन् त्या लडीनेच मग ती पूर्ण गल्लीची पोटं मोजायची.

म्हणजे कसं, ते सांगते. आमच्याकडे पोट दुखलं, जुलाब लागले, ओझं उचललं, की म्हणतात धरण सरकली. बेंबी जागची हलली म्हणून. जीजी माणसाला आडवं पाडायची, सुताचा दोरा बेंबीवर धरून एका बाजूच्या छातीपर्यंत न्यायची, मग दुसऱ्या बाजूच्या. दोरा लहान-मोठा आला की सरकली. मग तेल, मग अंगठा. अंगठा असा खोल जायचा की माणसाला आई आठवायची. मग पायाची बोटं ओढायची, कट्ट वाजलं की, "घाबरू नको, हाताखाली आहे." शेवटी गूळ-पोळी खाऊ घालायची, कारण धरण बसल्यावर पोट रिकामं ठेवलं तर परत सरकते. एक नारळ घ्यायची, बस.

एकदा नाक्यावरचा हवालदार आला. हा एवढा माणूस, अन् जीजीचा अंगठा पडला तर म्हशीसारखा ओरडला. जीजी थंडपणे म्हणाली, "साहेब, तुमचा डंडा पडतो ना, तेव्हा असंच दुखतं." तो गेला तो नारळ न देताच. जीजी दिवसभर हसत होती.

तर आदल्या दिवशीचं सांगते.

मिल बंद झाल्यावर हे मंडीत पोती उचलायला लागले. साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, उभा राहणारा माणूस, त्याची कंबर पोत्याची नाही ना. सकाळी उपाशी पोटी चहा, बीडी, अन् कमरेची गोळी. मेडिकलवाला पाकिटाबाहेरची सुटी द्यायचा, लाल रंगाची, कशाची ते कोण विचारतं? दुखणं जायचं ना. कितीतरी महिने आंबट ढेकर, पोटात आग. म्हणायचे, "तुझ्या भाजीत मिर्ची जास्त." मी मिर्ची कमी केली. माझी अक्कल तेवढीच.

त्या सकाळी चप्पल घालायला वाकले अन् तिथेच बसले. "चाकू खुपसला कोणी," एवढंच बोलले. आता हा माणूस कसा, दात दुखला तर पूर्ण घर डोक्यावर घेणार, इकडून तिकडे चकरा मारणार. त्या दिवशी हलेच ना! गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर पडून राहिले, श्वास पण जपून जपून, जसं काही पोटात काचेचं भांडं ठेवलंय. पोटाला हात लावला तर पाटा. वरवंटा फिरवा.

सासू म्हणाली, पोतं उचललं, धरण सरकली. कोणीही हेच म्हटलं असतं. जीजी आली. दोरा धरला तर एकीकडे हा एवढा फरक! अहो, माणूस एका कुशीला गोळा होऊन पडलेला, दोरा सारखा येईल कसा? हे आज कळतं. त्या दिवशी जीजी म्हणाली, "बापरे, इतकी सरकलेली मी पाहिली नाही," अन् बसली दाबायला. हे असे किंचाळले की समोरच्या घरातल्यांनी रेडिओ बंद केला.

अन् मग काय झालं माहीत आहे? थोड्या वेळाने दुखणं कमी झालं. देवाशपथ. ह्यांनी डोळे उघडले, पाय लांब केले, म्हणाले, "हायसं वाटून राहिलं आहे." जीजीने परत दोरा धरला, दोन्हीकडे सारखा! "हाताखाली आहे," म्हणाली अन् स्वतःच्या हाताने गुळाचा खडा अन् पोळी खाऊ घातली. सासूने नारळ फोडला. आम्ही हसलो पण. सगळ्या गल्लीने खोबरं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे भोंगा अन् डबा मागायला लागले. सासू म्हणाली, परत सरकली, बोलवा जीजीला. अन् तुम्हाला सुरुवातीला सांगितलं तिथे आपण परत आलो. जीजी हात वर धरून बसलेली.

सासू गयावया करायला लागली, "एकदा बसवून तर बघ."

"बसवायला काही उरलं नाही, वैनी." जीजी उठली. "कोणी त्याच्या पोटाला हात लावायचा नाही. तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. याद राखा. टेम्पो कुठाय?"

दोन माणसांनी ह्यांना चटईसकट उचललं. रस्त्यावर टेम्पो आला तो सवाऱ्यांनी खचाखच. जीजी त्याच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली, कुंकू अन् तेलाचे हात घेऊन. "उतरो सब! आदमी जा रहा है, अन् तुमको राजवाडा जाना है?" ड्रायव्हर म्हणाला, "जीजी, सवारी है." जीजी म्हणाली, "ये क्या बोरा है? ये भी सवारी है, भिया." उतरले सगळे. एकाने तर चटईचं टोक धरलं.

टेम्पोत सासूने माझं मनगट आवळलं अन् कानात म्हणाली, "डॉक्टरला सांगायचं, आज सकाळपासून दुखतंय. दाबलं-बिबलं काही नाही. नाहीतर पोलिस केस करतात, भरती पण करत नाहीत." मी मान हलवली. मला तर त्या वेळेला कोणी सांगितलं असतं विहिरीत उडी मार, तरी मी मान हलवली असती. मी ह्यांचे पाय चोळत होते, ते गुडघ्यापर्यंत थंड झालेले अन् वर निळे-जांभळे डाग पडायला लागले होते.

मोठ्या दवाखान्यात ही गर्दी. टेबलामागे एक पोरगेला डॉक्टर, डोळे झोपेने लाल. वर न बघताच त्याने विचारलं, "कब से है?"

सासू म्हणाली, "आज सुबे से."

"किसी ने मालिश की? दबाया?"

"नहीं जी."

"कुछ खाया?"

"कुछ नहीं."

"उल्टी-दस्त होंगे. बॉटल लगाओ, साइड में लिटाओ, देखते हैं." अन् त्याने पुढच्याला हाक मारली.

बाजूला एक बाक होता, तिथे ह्यांना सरकवायला लागले. पुढचा माणूस टेबलाशी आला पण. तेव्हा जीजी त्या माणसाला कोपराने सारून पुढे झाली अन् तिने परत दोन्ही हात वर केले, तसेच तेलकट, पूर्ण गर्दीसमोर.

"डॉक्टरसाब, झूठ है. कल सबेरे से है. मैंने दबाया. इन्हीं हाथों से, तेल लगा के, खूब जोर से. फिर दरद बंद हो गया तो हम समझे ठीक है. गुड़-रोटी खिलाई मैंने. आज ये ठंडा पड़ रहा है अन् उल्टा-सीधा बोल रहा है."

डॉक्टर खुर्चीवरून असा उठला की खुर्ची पडली. ह्यांच्या पोटावर नुसती दोन बोटं ठेवली अन् चेहरा बदलला. नाडी धरली. "पेशाब कब किया?" मी म्हटलं, काल. मग तो जीजीवर ओरडला, काय काय बोलला. अनपढ म्हणाला, तुम लोग म्हणाला, "मार डाला तुमने इसको!" सगळी गर्दी बघून राहिलेली. सासूने तोंडावर पदर घेतला.

जीजी म्हणाली, "मरने के बाद चिल्लाना, भिया. अभी जिंदा है."

तो तसाच पळाला. स्ट्रेचर त्याने स्वतःच ओढलं.

एक्स-रेचा फोटो मी पाहिला. दिव्यासमोर धरलेला, छातीच्या खाली एक काळी चंद्रकोर. डॉक्टर मला म्हणाला, ही हवा आहे, ही इथे नसायला पाहिजे. पोटात, जिथे अन्न जातं तिथे, भोक पडलंय, उपाशी पोटी दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या की पडतं. जे काय खाल्लं-प्यालं ते सगळं बाहेर पसरलं, पस झाला, त्याचं जहर रक्तात गेलं अन् म्हणून हे बडबडतात, म्हणून हात गार, म्हणून लघवी नाही. मी आठवी पास. मला एवढंच कळलं की आत काहीतरी फुटलं अन् आम्ही वरून दोरा मोजत होतो.

"बीच में दर्द कम हुआ था ना?" त्याने विचारलं. "वही धोखा है. पेट चुप हो जाता है, लोग खुश हो जाते हैं."

ऑपरेशन झालं, पण तुम्ही समजू नका की तिथे संपलं. टाके उघडले, नळीतून घाण येतच राहिली, परत हुडहुडी भरून ताप, परत उघडावं लागलं. ह्यांची बरगडी न् बरगडी दिसायला लागली. त्या दिवसांत सासू एका बाजूला अन् जीजी एका बाजूला, मध्ये मी, छोटीला पाजत. सासू तिच्याशी बोलायची नाही. जीजी तरी रोज यायची. सिस्टर हाकलायची तर जिन्यात बसायची, सिस्टर गेली की परत आत.

अन् वॉर्डभर फिरायची. नाव नाही विचारायची कोणाला, मिल विचारायची. "कौन सी मिल?" कोणी ही मिल सांगे, कोणी ती. "चाय, बीडी, गोली?" तो मान हलवायचा. "अन् रोटी?" तो छताकडे बघायचा. सगळे पोट शिवलेले. सगळेच मिलचे होते असं नाही हां. एक बेटम्याचा शेतकरी होता, ताप अंगावर काढता काढता त्याच्या आतड्याला भोक पडलेलं. एक छत्रीबागेतली बाई, तिचं अपेंडिक्स घरात गॅस-गॅस म्हणता म्हणता फुटलं. पण मिलवाले जास्त. जीजी मला म्हणाली, "मिलला कुलूप लागलं ते सगळ्यांनी पाहिलं. पोटं फाटली ती कोणी नाही पाहिली. भोंगा नाही ना वाजत त्याला."

एक दिवस मोठे डॉक्टर राउंडला आले, मागे शिकणारी पोरं. म्हणाले, "ये लोग हमेशा देर से आते हैं." जीजी खाली फरशीवर बसली होती, तिथूनच म्हणाली, "जल्दी आते हैं तो गॅस की गोली देके भगाते हो, साब." पोरं हसली. मोठे डॉक्टर नाही हसले. चष्म्यातून तिच्याकडे बघत राहिले. तिने लगेच विचारलं, "मेरे को ये बताओ, मैं कैसे जानूँ, कौन से पेट को हाथ नहीं लगाना?"

अन् त्यांनी सांगितलं! खरंच, थांबून सांगितलं. खोकायला लाव, खोकल्यावर पोटात कळ गेली तर हात लावू नको. पाट्यासारखं कडक लागलं तर नको. माणूस हलायलाच घाबरत असेल तर नको. दुखणं एकदम थांबलं तर नारळ फोडू नको. अन् खायला-प्यायला काही देऊ नको. जीजीने ते सगळं पाठ केलं, पोथीसारखं पुटपुटत.

हे वाचले. घरी आले तोवर सगळ्यांचं मन जीजीवरून उडालं होतं. गल्लीत फैसला झालेला, जीजीने मारलंच होतं, डॉक्टरांनी वाचवलं. ह्यांनी पण सांगितलं, "ती बाई माझ्या दारात नको." ते तरी काय बोलणार, अंगठा त्यांच्या पोटात गेला होता.

जीजीने कोणाला सफाई दिली नाही. उलट स्वतःच सांगत सुटली. कोणी लपून-छपून पोट घेऊन यायचं तर आधी म्हणायची, "खोक." तो खोकायचा. तोंड वाकडं झालं की, "टेम्पो पकड." तो म्हणायचा, जीजी, थोडं दाबून तर बघा. जीजी म्हणायची, "माझ्या हाताने एक माणूस मरता मरता राहिला. तुला दुसरा व्हायचंय?" लोक हसायचे, जीजी कंपाउंडर झाली. तिला काय फरक? मोठं कुंकू लावून बसलेली दारात.

मग मिलच्या खोल्या खाली करायची नोटीस आली. जीजीची खोली मिलची होती. लेक बेटम्याला दिलेली, तिच्याकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी ती गाठोडं घेऊन आमच्या नालीच्या पलीकडे उभी राहिली. नाली ओलांडली नाही. म्हणाली, "छोटीला बघून जाते, इथूनच."

सासू दारात. हे आत खाटेवर. सगळी गल्ली आपापल्या दारात.

मला कुठून जोर आला माहीत नाही. मी नाली ओलांडली, तिचं गाठोडं घेतलं, तिचा हात धरला अन् आत आणली. सासू म्हणाली, "हिच्याच हाताने मरत होता तो!" मी म्हटलं, "हो. हाताने मरत होता, तोंडाने वाचला. तुम्ही अन् मी काय बोललो होतो तिथे?" सासूला मी पहिल्यांदा उलटून बोलले. छोटी रडायला लागली.

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जीजी खाटेशी आली. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. म्हणाली, "खोक रे."

हे भिंतीचा पोपडा नखाने खरवडत राहिले.

"खोक म्हटलं ना. म्हातारी जाते आहे."

हे खोकले. "दुखलं?"

"नाही." मग ह्यांनी स्वतःच सदरा वर केला. छातीपासून खालपर्यंत तो व्रण, जाड, वाकडातिकडा, घाईने शिवलेल्या पोत्यासारखा. जीजी वाकली, नाक लावेल इतकी जवळ, पण हात मागेच. "कोणत्या खात्याचं सूत वापरलं आहे हे?" म्हणाली. अन् हे हसले. पोट धरून हसले, कारण हसलं की अजून ओढ बसते.

लडी ती मला देऊन गेली. "मोजायला नाही हां. गोधडीला." त्या सुताची गोधडी छोटीच्या अंगावर आहे. सासू अजून सरळ बोलत नाही माझ्याशी. न बोलू दे. जीजीच्या दारावर कुलूप आहे, त्याच कंपनीचं, जे मिलच्या फाटकाला आहे. मी येता-जाता बघते. मला अजून भीती वाटते, आता बोलायला लागलेली छोटी नुसती पोट धरून बसली तरी. पण मग मी तिला म्हणते, खोक.

तुम्ही म्हणाल, चूक तर तिचीच होती. होतीच. मी कुठे नाही म्हणते? पण मिल बंद करणाऱ्यांनी हात वर केले, त्यांना कोणी अनपढ नाही म्हटलं. लाल गोळी देणाऱ्याने केले, आम्ही घरच्यांनी हात पदराखाली घेतले. आमच्या सगळ्यांच्या हात वर करण्याचा अर्थ एकच होता, आमचा काही संबंध नाही. तिच्या हातांचा उलटा होता.

म्हणून विचारते. समोर डॉक्टर आहे, बाकावर माणूस हातचा जाऊन राहिला आहे, गर्दी तुमच्याकडे बघून राहिली आहे अन् तेल अजून तुमच्या हाताला आहे. खरं सांगा हां, तुम्ही ते हात पुसले असते, की वर केले असते?